गाडीला हात

नागपूर, ६ मे २०२४

चि. सुजित यास,
सप्रेम जय भीम, वि. वि.

बाबा सुखरूप पोचून आज अकरा दिवस झाले. फोनवर हे बोलता येत नाही, बाबा पलीकडच्याच खोलीत असतात, म्हणून लिहून राहिले. मध मिळाला, पायलने निवडलेला स्वेटरही मिळाला. मे महिन्यात नागपूरला लोकरीचा स्वेटर पाठवणारी भावजय माझ्याच नशिबात होती, असं तिला सांग.

तीन महिन्यांसाठी सिडनीला गेलेला माणूस तीन आठवडे आधीच परत का आला, हे मला कोणी सांगत नाही. बाबा म्हणतात थंडी सोसली नाही. तू म्हणतोस त्यांना घर आठवत होतं. दोघांनी निदान एकच थाप मारायची. तुझा फोन आला की ते चपला घालून खाली जातात. कायमच्या व्हिसाचे कागद तू सहीसाठी दिले होतेस ना, ते बॅगेतून बाहेरसुद्धा काढलेले नाहीत. आई गेल्यापासून तुझ्याकडे राहायला जायचं एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं, आणि आता ते नावच काढत नाहीत. भांडण झालं का? असेल ते खरं लिही.

स्पृहाला पापा. आठवण ठेवशील या भरवशावर,
तुझी करुणाताई


कॅसल हिल, १२ मे २०२४

प्रिय ताई,
सप्रेम जय भीम.

भांडण झालं नाही, आणि पायलचा तर यात काहीच संबंध नाही. ती ऑफिसमधून थकून आली तरी बाबांसाठी पेंडल हिलच्या भारतीय दुकानात जाऊन ज्वारीचं पीठ आणायची.

माझी जुनी होल्डन तू फोटोत पाहिली आहेस. भंगारातून आणलेली गाडी चार वर्षांचे वीकेंड घालवून उभी केली. रंग मी स्वतः दिलाय. त्यावर पेट्रोलचा थेंब राहिला की डाग पडतो. एकदा एका मित्राच्या हातून पडला, तो अजून दिसतो. तेव्हापासून टाकी मीच भरतो. इथे तसंही सगळे आपापलंच भरतात.

एप्रिलमध्ये एका रविवारी बाबांना घेऊन डोंगरापलीकडे गेलो, आम्ही दोघंच. बाबा पुढे बसून खिडकीची काच खालीवर करत होते, खूश होते. एका छोट्या गावात पेट्रोलसाठी थांबलो. तिथे अजून माणूस येऊन पेट्रोल भरतो, हल्ली क्वचितच दिसतं असं. बाबांच्याच वयाचा, टोपी घातलेला. त्याला बघून बाबा सीटवर सरसावून बसले. त्याने टाकीच्या झाकणाकडे हात नेला तसं मी त्याला इथल्या बोलीत म्हणालो की मेट, म्हणजे मित्रा, गाडीला हात लावू नकोस, मी भरतो. तो बाजूला झाला. मी डिकीतलं मऊ फडकं काढून नळीला गुंडाळलं, टाकी भरली आणि पैसे द्यायला आत गेलो. आत लाइन होती, पाचेक मिनिटं गेली. बाहेर आलो तर बाबा मागच्या सीटवर बसलेले. घरी येईपर्यंत पुढे आले नाहीत. सकाळी म्हणाले, तिकीट बदलून दे.

मी ओरडलो नव्हतो. तो माणूससुद्धा नो वरीज, काही हरकत नाही, म्हणाला होता. ताई, एवढ्या कष्टाने केलेल्या माझ्या गाडीला कोणी हात लावायचा, हे मी नाही ठरवायचं तर कोणी?

तू तरी समजून घेशील असं धरून चाललेला,
सुजित


नागपूर, २० मे २०२४

चि. सुजित,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. तुला राग येईल, येऊ दे. फडक्याचं वाक्य आलं तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं. मग ते बोलले. मी आज पहिल्यांदा ऐकलं.

पंपावर ते एकतीस वर्षं होते, हे आपल्याला माहीत आहे. तिथे कॉन्टेसा गाडीवाले एक वकीलसाहेब यायचे, दर बुधवारी. पंपावर चौघे जण होते. बाकीच्या तिघांपैकी कोणीही पेट्रोल भरलं तर त्यांना चालायचं. बाबांची पाळी असली की ते स्वतः उतरायचे, गाडीला हात लावू नको म्हणायचे, नळीच्या मुठीला खिशातला रुमाल गुंडाळायचे आणि स्वतः भरायचे. का, ते कोणी विचारलं नाही. मालकाला माहीत होतं, त्या तिघांनाही माहीत होतं. बाबा दोन पावलं मागे सरून उभे राहायचे. वकीलसाहेब वारले तोवर, सतरा वर्षं. आईला त्यांनी कधी कळू दिलं नाही.

मी बाबांना म्हटलं की सुजितला यातलं काही माहीत नव्हतं, त्याला गाडीच्या रंगाची काळजी होती. त्यावर ते चपला घालून खाली गेले. आता मला लिहू नकोस. त्यांना लिही.

दोघांच्या मधे उभी राहून थकलेली, तरी तुझीच,
करुणाताई


कॅसल हिल, २ जून २०२४

आदरणीय बाबांस,
सविनय जय भीम, वि. वि.

ताईने तुम्हाला सांगितलं की मला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

चौथीत असताना शाळा सुटली की मी पंपावर येऊन ऑफिसच्या पायरीवर अभ्यास करायचो. तो वकील, तो रुमाल, सगळं मी पाहिलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मी वहीत तोंड घातलं. बाबा, मला त्या माणसाचा राग आला नव्हता. तुमचा आला होता. तुम्ही बरं साहेब म्हणालात, त्याचा. रात्री जेवताना तुम्ही आम्हाला मान वर ठेवायला सांगायचात आणि मी ताट अर्धं ठेवून उठायचो.

तेव्हाच मनात धरलं होतं की एक दिवस गाडी माझी असेल आणि तिला कोणी हात लावायचा ते मी सांगेन. डाग पडतो हे खरं आहे. पण त्या माणसाला बाजूला हो म्हणताना मला बरं वाटलं, हेही खरं आहे. तो कोण, त्याचं वय काय, हे मी पाहिलंच नाही.

माझं चुकलं. पण एका वाक्यावरून तुम्ही मला त्या वकिलाच्या शेजारी नेऊन बसवलंत, हे मला मान्य नाही. तो माणूस कोण जातीचा हे मी विचारलं नव्हतं. तुम्ही तिथल्या तिथे मला दोन शब्द ऐकवायचे होते. तेही केलं नाहीत. नेहमीसारखे गप्प बसलात.

व्हिसाचे कागद सही करून पाठवा. खोली तुमचीच आहे. स्पृहा आजोबा कधी येणार म्हणून विचारते, तिला काय सांगू?

तुमच्या उत्तराची वाट पाहणारा,
सुजित


नागपूर, १५ जून २०२४

चि. सुजित यास,
जय भीम. अनेक आशीर्वाद.

तू पाहिलंस हे मला तेव्हाच कळलं होतं. त्या दिवसानंतर तू पंपावर अभ्यासाला आला नाहीस. मी बरं साहेब म्हणालो कारण नोकरी गेली असती. तुला हे पुरेसं वाटत नसेल तर त्यात तुझी चूक नाही.

तू मला वकिलाबद्दल लिहिलंस. फडकं बघून मला वाईट वाटलं, पण तेवढ्यावरून कोणी तिकीट बदलत नाही. झालं ते वेगळंच आहे. करुणालाही मी सांगितलेलं नाही.

तू आत गेल्यावर मी गाडीतून उतरलो. त्या माणसासमोर हात पुढे केला. त्याने आधी स्वतःचा हात पँटला पुसला आणि मग दिला. माझं इंग्रजी तुला माहीत आहे. सॉरी म्हणालो. मीसुद्धा हेच काम केलं, थर्टी वन इयर्स, एवढं जमलं. तो हसला, माझ्या खांद्यावर थोपटलं. मग काचेतून तुझ्याकडे बोट दाखवून त्याने विचारलं की तो तुझा मुलगा का. मी नो म्हणालो. ड्रायव्हर आहे, म्हणालो, आणि मागच्या सीटवर जाऊन बसलो.

कोणी जबरदस्ती केली नव्हती. विचार करायला वेळही लागला नाही. तोंडातून सरळ निघालं. त्यानंतर तुझ्या टेबलावर बसून तुझ्या बायकोच्या हातची भाकरी खाणं मला जड गेलं. तोंडावर सांगायचं धैर्य झालं नाही.

कागद सही न करता परत पाठवतो आहे. रागाने नाही. उद्या तिथे पुन्हा कोणी विचारलं, तर मी काय उत्तर देईन याची मला खात्री नाही.

स्पृहाला सांग, आजोबांना तिकडची हवा मानवली नाही. तुझ्याबद्दलची माया आहे, ती इथूनच राहू दे.

बाबा