पाव किलो तूरडाळ

१० जानेवारी, शनिवार

अण्णा आले. काल डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. काळा चष्मा, एक पिशवी, दोन शर्ट. दारातच जाहीर केलं – "आठ दिवस फक्त हं, दीक्षा." मी अजून काही विचारलंही नव्हतं.

डॉक्टरांचं फर्मान : थेंब दिवसातून चारदा, डोक्यावरून पाणी नाही, गॅसच्या वाफेजवळ जायचं नाही. म्हणजे स्वयंपाक माझ्याकडे. माझ्याकडे! खराडीत राहायला आल्यापासून या गॅसवर चहा आणि मॅगी सोडून काही चढलेलं नाही. जेवण दारात येतं, पिशवी दारात जाते.

त्यांनी ओट्याखालचे डबे एकेक करून उघडले. फ्लॅट घेतला तेव्हा आईने दिलेले, स्टीलचे, मोठाले. एकात चार्जर, एकात औषधं, बाकीचे रिकामे. अण्णांनी झाकणं परत लावली. रागावले असते तर बरं झालं असतं.

११ जानेवारी, रविवार

सोसायटीच्या गेटसमोरच्या सुपरमार्केटात गेलो. अण्णांना पाकिटं नकोत. मागच्या भिंतीला सुट्या धान्याची खोकी आहेत, त्यांत स्कूप घालून हवं तेवढं काढायचं नि काट्यावर न्यायचं. इतकी वर्षं त्यांच्यासमोरून मी शाम्पूकडे जात होते.

अण्णांनी थेट तुरीत हात घातला. काट्यावरची दीपाली ओरडली, "काका, हात नका घालू, स्कूप आहे!"

"डोळा बंद आहे, बाई. हातानेच बघणार."

"मग आधी हा लावा." तिने सॅनिटायझरची बाटली पुढे केली. अण्णांनी नवरदेवासारखा हात पुढे धरला.

पाव किलो तूर. पाव किलो तांदूळ. पाव किलो ज्वारीचं पीठ. मागे एक माणूस ट्रॉली भरून उभा, घड्याळात बघतोय. दीपालीने विचारलं, "एवढंच?"

"उद्या परत येईन."

घरी येताना मी म्हटलं, अहो अण्णा, किलोकिलो घ्या ना, रोज कोण जाणार? तर म्हणाले, "आठ दिवसांसाठी काय पोती भरायची? तिकडे खडकीला माझे डबे गच्च भरलेले आहेत. जास्त राहिलो तर कीड लागेल."

बरं. आठ दिवस. मनात नोंद केली.

१३ जानेवारी, मंगळवार

अण्णा स्वयंपाकघराच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसतात आणि तिथून आज्ञा देतात. डाळ दोनदा धू. हिंग आत्ता नाही. "तुझी आई फोडणीला घाई करायची नाही."

मी केली. मोहरी जळली. वरणाखाली डाळ लागली. त्यांनी दोनदा वाढून घेतलं आणि म्हणाले, "धुराची चव छान आहे." हा टोमणा होता की कौतुक, कळलं नाही. काळ्या चष्म्यामुळे चेहराही वाचता येत नाही.

१४ जानेवारी, बुधवार

वरण आज वरणासारखं.

१७ जानेवारी, शनिवार

मी मीटिंगमध्ये असताना अण्णा एकटेच दुकानात जाऊन आले. खूश! "अगं, राळं मिळालं! माझी आई राळ्याचा भात करायची. चाळीस वर्षांत बघितलं नव्हतं."

मी भात टाकला. दोघांनी एकेक घास घेतला नि एकमेकांकडे बघितलं. कडू! कडू म्हणजे औषध! "राळं असं नसतं," अण्णा म्हणाले. पिशवीवरचं स्टिकर मी वाचून दाखवलं – क्विनोआ. नेटवर बघितलं, शिजवायच्या आधी खळाखळा धुवावं लागतं. आम्ही विसळलंसुद्धा नव्हतं.

"कुठून येतं हे?"

"दक्षिण अमेरिकेतून."

"एवढ्या लांबून कडू व्हायला आलं!"

खूप दिवसांनी मी जेवताना ठसका लागेपर्यंत हसले. अण्णांनी टाकू मात्र दिलं नाही. उरलेलं धुऊन-धुऊन तीन दिवस उपम्यात घालायचं ठरलंय.

१८ जानेवारी, रविवार

आठ दिवस झाले. संध्याकाळी पाव किलो मटकी आली.

२१ जानेवारी, बुधवार

मटकीला मोड आले, ओट्यावर ठेवलेल्या फडक्यात. सकाळी उठून आधी तेच उघडून बघितलं, मोबाइल नंतर.

अण्णांनी मोड आलेली मटकी पाण्यात सोडली आणि डोळे मिटून बोटांनी गणंग वेचत बसले. गणंग म्हणजे न भिजलेले, दगडासारखे दाणे. एक राहिला तरी दाताखाली येतो. आई स्वयंपाक करायची तेव्हाही निवडायचं खातं त्यांचंच. फॅक्टरीतून आले की चहा, मग ताट मांडीवर. मला ते आठवत होतं, पण त्यात काही विशेष आहे असं तेव्हा वाटलं नव्हतं.

उसळ बरी झाली. एक गणंग निघालाच, माझ्या वाट्याला.

२४ जानेवारी, शनिवार

डॉक्टरांनी तपासलं. डोळा उत्तम. गॅसजवळ जायला परवानगी. थेंब अजून थोडे दिवस.

मी म्हटलं, चला, आता तुमच्या हातचं खाऊ घाला. तर म्हणाले, "आज तू कर, मी बसतो." उद्याही हेच सांगणार. तिकडे एकटे असताना काय करता, विचारलं. "करतो की. सगळं करतो." खुर्ची मात्र दाराबाहेरच! शेवटी पुरुष ते पुरुष.

२८ जानेवारी, बुधवार

ऑफिसात टीमचं जेवण होतं. नाही म्हटलं. अभिनवने विचारलं, "डेट आहे का?" म्हटलं, हो, पिठल्याशी.

घरी आले तर अण्णा बाल्कनीत. टेबलावर पाव किलो बेसन. मी आले म्हणून उठले. कुणी तरी मी आले म्हणून उठणं ही गोष्ट मी विसरूनच गेले होते. आई गेल्याला दोन वर्षं होतील. या दोन वर्षांत मी खडकीला सहा-सात वेळा गेले असेन, त्यातही जेवायला त्यांना हॉटेलातच नेलं. आपल्याला वाटतं, त्यांना जरा बदल.

त्यांनी राहावं असं वाटतंय. लिहून टाकलं, झालं. मी तोंडाने म्हणणार होते, पण म्हटलं, "भाजीला काय आणू?"

१ फेब्रुवारी, रविवार

आज नवलच! अण्णांनी ट्रॉली घेतली. तांदूळ पाच किलो. तूर दोन. मूग, मसूर, मटकी, हरभरा, किलोकिलो. पोहे, रवा, शेंगदाणे. दीपाली पिशव्या तोलून-तोलून दमली. "काका, आज लग्न आहे का घरी?"

"लेकीचं घर आहे. भरलेलं पाहिजे."

कीड लागेल, खडकीचे डबे, कशाचंही नाव नाही! मी विचारलं नाही. विचारलं आणि मन बदललं तर?

३ फेब्रुवारी, मंगळवार

दोन दिवस घरात धान्याचीच जत्रा. हॉलमध्ये चादर अंथरून वाळवलं. तुरीला एरंडेल चोळलं, म्हणजे वर्षभर कीड लागत नाही. माझेही हात माखले, लॅपटॉपला वास लागला. चार्जर डब्यातून बाहेर काढून खणात टाकले. सगळे डबे काठोकाठ.

ज्याला आठ दिवसांत जायचं असतं तो माणूस वर्षभराची तूर चोळत बसत नाही. मी पलंग बघितला, त्यांच्या खोलीसाठी. सागवानी नाही, पण बरा आहे. ऑर्डर टाकली. शनिवारी येईल.

५ फेब्रुवारी, गुरुवार

अण्णा गेले खडकीला. मी ऑफिसात असताना. फोन आला, "पोचलो गं. तुझ्या मीटिंगा असतात, म्हणून सांगितलं नाही. डबे भरलेत, आता बाहेरचं खाऊ नकोस."

माझ्यासाठी भरत होते. एकटीसाठी.

"राहायचं होतं की अजून," मी म्हटलं. आता म्हटलं! फोनवर!

"नाही गं, तिकडचं सगळं खराब होईल."

वरण-भात केला. मोहरी जळली नाही. एवढा राग आलाय मला, त्यांचा की माझा, ते ठरवत नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

पलंग आला. भिंतीला टेकवून ठेवलाय. फ्रीजमध्ये डोळ्याच्या थेंबांची बाटली राहिलीय त्यांची.

८ फेब्रुवारी, रविवार

बाटली द्यायला खडकीला गेले. शेजारच्या सोजरबाई म्हणाल्या, अण्णा विहारात गेलेत. आईची किल्ली माझ्याकडे होतीच. म्हटलं, येईपर्यंत भात टाकू.

तांदळाचा डबा उघडला. रिकामा. तुरीचा, पिठाचा, सगळे उघडले. आतून स्वच्छ, कोरडे, कधीचे कोण जाणे. गॅसवर चहाचं पातेलं तेवढं. एका डब्यात खारी होती.

मी तशीच उभी असताना अण्णा आले. माझ्या हातातल्या झाकणाकडे बघितलं, दोन्ही डोळ्यांनी, आता चष्माही नव्हता. म्हणाले, "कीड लागली होती. धुऊन ठेवलेत."

"हो का," म्हटलं. पिशवी घेतली नि कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. पाव किलो तांदूळ. पाव किलो तूर.

दुकानदार म्हणाला, "एवढंच?"

"उद्या परत येईन."