माझ्या व्हीलचेअरला ट्रे लावला त्याची हकीकत

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार (हल्ली तो कागदावरच घालता येतो, गोड मानून घे). तुझे गुडघे काय म्हणतात? वहिनीचा खोकला थांबला का? इकडे सगळं ठीक. फक्त घरच्यांनी एकजुटीने माझं भलं करायचं मनावर घेतलंय, त्यामुळे मी जरा थकले आहे.

मी एवढंच म्हटलं होतं की माझ्या व्हीलचेअरला एक ट्रे हवा. पाय गेले तरी हात शाबूत आहेत, घड्याळं दुरुस्त करायला विसरलेले नाही, पण मांडीवर उशी घेऊन काम केलं की स्क्रू हरवतात. (मागचा तिळाएवढा होता. तीन दिवसांनी सूनबाईच्या तळपायात सापडला.) यावर चिरंजीवांनी बैठक बोलावली. तीत मी सोडून सगळ्यांना बोलायला मिळालं.

पहिला ट्रे जावईबापूंनी आणला. पारदर्शक. कसं मोकळं वाटतं, म्हणाले. खरंच मोकळं! त्याला काठच नव्हता, त्यामुळे प्रत्येक चक्र सुटलं की थेट कपाटाखाली. आणि घड्याळाची काच त्यावर ठेवली, तर कोणती काच आणि कोणता ट्रे हेच कळेना. तो परत गेला.

दुसऱ्या वेळी मला दुकानात नेण्याची कृपा झाली. विक्रेता अतिशय नम्र. माझ्या डोक्यावरून मुलाला विचारतो, "आजी स्वतःच्या हाताने जेवतात का?"

मी म्हटलं, "जेवते. तुमच्या मनगटावरचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे, तेही स्वतःच्याच डोळ्यांनी पाहिलं."

मग तो माझ्याशी बोलू लागला, पण ओरडून. त्याने कपाला खाच, मोबाइलला खाच, चमच्याला खाच असलेला एक भलामोठा ट्रे दाखवला. खाचा पाहून चिरंजीव हरखले आणि मी तोंड उघडेपर्यंत तो गाडीत ठेवूनही आले.

घरी आल्यावर कळलं की त्याच्या कड्या खुर्चीच्या पाठीमागे. लावणार दुसरा, काढणार दुसरा. "बरंच आहे, पडणार नाहीस," मुलगा म्हणाला. केवढी ही काळजी! मग एके दिवशी मला त्यात नीट बंद करून सगळे दोन तास बाहेर गेले. न्हाणीघर आठ पावलांवर. (पुढचं लिहीत नाही, तू मोठा भाऊ आहेस.)

सूनबाई आधी परतली. कड्या काढल्या, मला धुतलं-पुसलं, कपडे बदलले, खुर्चीही धुऊन पुसली. मी कॉटवर बसून रडले, तेव्हा शेजारी बसून राहिली. संध्याकाळी तिने नवऱ्याला माझ्या खुर्चीत बसवलं, ट्रे चढवला, मागून कड्या लावल्या आणि म्हणाली, "बसा तासभर. पडणार नाही तुम्ही." आम्ही दोघी स्वयंपाकघरात चहा घेत बसलो. पंचविसाव्या मिनिटाला हाका सुरू झाल्या. चाळिसाव्याला त्यांत 'आई गं' आलं, तेव्हा मलाच राहवेना.

दुसऱ्या दिवशी चिरंजीव साहेबांनी मला गुपचूप दुकानात नेलं आणि स्वतः बाहेर उभे राहिले. मी लाकडी, अर्धा, बोटभर काठाचा आणि एका हाताने बाजूला फिरवता येणारा ट्रे निवडला. खाच एकही नाही. निवडायला सहा मिनिटं लागली. घरच्यांना सहा आठवडे लागले होते.

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. वर मुलाबद्दल नाही नाही ते लिहिलंय, त्याला दाखवू नकोस. हल्ली तो घराबाहेर पडण्याआधी खुर्चीचं सगळं तपासतो आणि मला एकटीला किती वेळ चालेल ते विचारून जातो. पोर वाईट नाही.

ता. क. २ मुख्य गोष्ट राहिलीच. बाबांचं घड्याळांचं दुकान तू मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला भाड्याने देतोयस, असं कानावर आलं. देऊ नकोस. बाबांनी दुकान तुझ्या नावावर केलं, पण काम मला शिकवलं. सोमवारी सकाळी किल्ली घेऊन ये. दुकानाच्या दाराशी पाच इंचांची पायरी आहे, तिला उतार करायला सुतार येतोय. आधी तुला विचारायला हवं होतं, मान्य आहे. आता विचारते आहे.