बाहेर उघडणारे दार

मी, श्रीहरी लहानू दोनाडकर, वय चौऱ्याहत्तर, नाटकांचे पडदे रंगवणारा, राहणार आरमोरी, जिल्हा गडचिरोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. पत्नी रुखमाबाई हिचे मत वेगळे आहे. पण तिने हरकत नोंदवलेली नाही.

१. राहते घर रुखमाबाईचे. ते आजही तिचेच आहे. कागदावर तेवढे माझे.

२. राजवाड्याचा पडदाही तिलाच. त्यावर ती बारा वर्षे मोहफुले वाळवते. सिंहासनाचा सोनेरी रंग फुलांना लागतो, अशी तिची तक्रार आहे.

३. जंगलाचा पडदा मित्र अश्वजित रामटेके यास. नायकाचे काम करताना तो यावरच्या सागाला टेकायला गेला आणि पडद्यासकट मागे पडला. झाड कच्चे होते, असे तो अजून सांगतो. थंडीत पांघरावा.

४. कुंचले आणि शिडी चैतू मडावी, सुतार, यास. शिडीची तिसरी पायरी त्यानेच बसवली आहे. जपून चढावे.

५. घराचे पुढचे सागवानी दार मुलगी दीपाली हिला. पूर्वी एका नाटकासाठी ते नेले होते. मंचावर दार आत उघडले तर येणारा नट त्यामागे झाकला जातो, म्हणून चैतूकडून बिजागऱ्या फिरवून घेतल्या. नाटक संपल्यावर तसेच घरी बसवले. तेव्हापासून पाहुण्यांना आमचे दार कपाळावर लागते. व्याह्यांना दोनदा.

दीपालीने लिहिलेले पहिले नाटक दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत वडशाला होत आहे. नेपथ्य मी करावे, जाहिरातीवर माझे नाव यावे, हा तिचा हट्ट. पडदा नको, भिंत नको. रिकाम्या मंचावर फक्त हे दार आणि बाहेर ताटकळलेली नायिका. भिंतीच नाहीत तर ती बाजूने आत का जात नाही, असे मी विचारले.

"बाबा, दार दिसलं का मानूस बाजूनं नाई जात."

एका दाराला नेपथ्य म्हणत नाहीत, मी म्हटले. दार ने, नाव घालू नको. पुढे सतरा दिवस आम्ही रुखमाबाईमार्फत बोललो.

आज सकाळी दीपाली टेम्पो घेऊन आली. चैतूने दार चौकटीसकट काढून, टेकू देऊन अंगणाच्या मधोमध उभे केले. तेवढ्यात अश्वजित साक्षीच्या सहीसाठी आला. दोन्ही बाजूंना अंगण मोकळे. मी खाटेवर बसलेला त्याला दिसत होतो. तो दारासमोर थांबला. चप्पल काढली. कडी वाजवली.

"श्रीहरीभाऊ, येऊ का आत?"

आणि सवयीने दोन पावले मागे सरला.

दीपाली हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिले.

६. जाहिरात पुन्हा छापावी. त्यात 'नेपथ्य : श्रीहरी दोनाडकर' असे घालावे. मृत्युपत्र मेल्यावरच लागू होते, असे वकील सांगतात. हे कलम आजपासून लागू. प्रयोग पुढच्या शनिवारी आहे आणि मला पुढच्या रांगेत बसायचे आहे.

ठिकाण : आरमोरी, तूर्त दार नसलेले घर
दिनांक : १३ नोव्हेंबर २०२४

सही : श्रीहरी लहानू दोनाडकर

साक्षीदार :
१. चैतू मडावी
२. अश्वजित रामटेके (दारातून आले)