सुमतीचा रणगाडा

डोंबिवली,
जानेवारी १९५५

प्रिय सुमे,

तुझं पत्र मिळालं. रविवार उलटू दे, मग लिहू असं ठरवलं होतं, म्हणून उत्तराला उशीर झाला.

इथे सगळे खुशाल. आईने तुझ्यासाठी कुळथाचं पीठ करून ठेवलंय. आणि परवा अचानक तानाजी आला, माझ्या पलटणीतला. हल्ली तो नगरलाच रणगाडे चालवतो. कामाचं बोलायची मनाई, म्हणून आधी इकडचं तिकडचंच बोलला. चहा झाल्यावर मात्र त्याला राहवेना. म्हणाला, “त्र्यंबक, नवा हलका रणगाडा मी स्वतः चालवला. सकाळी तोफेचा घुमट उतरवून वेगळ्या गाडीवर घातला, टेकडीपलीकडे नेला, पुन्हा जोडला. जेवणाच्या सुट्टीआधी तोफेचा बार! साहेबांनी विचारलं, हा जोड कुणी आखला? तर ड्रॉइंग ऑफिसातली एक मुलगी पुढे आली. आडनाव ऐकलं आणि मी चाटच पडलो.”

मला अठ्ठेचाळीस सालची काश्मीरातली ती खिंड आठवली. समोरच्या कड्यावरून गोळ्या यायच्या, आम्ही बर्फात खिळलेलो. मग रणगाडे आले. खाली त्यांचे घुमट उतरवून, अरुंद पुलांवरून कसेबसे वर आणून पुन्हा जोडले होते, त्यातच दिवस गेले. ते आले म्हणून मी आज हे लिहितोय. पण ते येईपर्यंत थंडीने माझ्या पायाची बोटं गेली होती, आणि शेजारचा भिवा तर उठलाच नाही. इस्पितळात उशाशी बसून तू एकच विचारायचीस, “दादा, ते लवकर का नाही आणता आले?” मी चिडायचो. मला काय माहीत, त्याचं उत्तर तू कागदावर आखणार आहेस ते!

बाबा दाराआड उभे राहून ऐकत होते. तू नगरला गेल्यापासून तुझ्या नोकरीबद्दल त्यांनी अवाक्षर काढलेलं नव्हतं. एकदम पुढे येऊन तानाजीला म्हणाले, “ती माझी मुलगी.” मग त्याला सोडायला स्टेशनपर्यंत गेले. वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत होते, हे नगरहून आलेत, आमच्या सुमीच्या तिकडचे.

रविवारी कल्याणची मंडळी तुझ्या लग्नाचं ठरवायला आली. मुलगा चांगला आहे, नाही म्हणणार नाही. पण त्याच्या वडिलांनी पुन्हा तेच काढलं, लग्नाआधी नोकरी सोडायची. तू तर ‘बाबा म्हणतील तसं’ असं लिहून मोकळी झालेलीस. मी तोंड उघडायच्या आत बाबाच म्हणाले, “तिचं काम अर्धं झालंय. ते ती सोडणार नाही, आणि मी सोडू देणार नाही.” मंडळी पोहे न खाताच उठली. आई थोडी रडली, मग तिनेच ते पोहे आम्हाला वाढले.

म्हणून हे पत्र. राजीनामा लिहिला असशील तर फाडून टाक. खरं तर बाबा स्वतः लिहायला बसलेले, पण ‘चि. सुमतीस’च्या पुढे काही सुचेना. शेवटी कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, “एवढंच कळव, मी नगरला येतोय. तो रणगाडा लांबून तरी बघू देतील का, विचारून ठेव म्हणावं.”

तुझाच,
त्र्यंबकदादा