माझ्या नावावरचं रिव्हॉल्वर

४ ऑगस्ट, सोमवार

परवाना आला एकदाचा! अकरा महिने चपला झिजवल्या. आणि कागद हातात देताना तिथले साहेब काय म्हणतात — "मिस्टरांना बरोबर आणायचं ना मॅडम, त्यांना नीट समजावून दिलं असतं." का? "टेम्पोखाली घालू" असा फोन मिस्टरांना आला का? ब्लेडनं सीट फाडलं ती स्कूटी मिस्टरांची का? सरपंच मी आहे! वरच्या पाड्याचा झरा बुजवून बंगल्यांचे प्लॉट पाडणाऱ्या त्या शेठच्या विरोधात अर्ज मी केलाय. सही माझी, जीव माझा, आणि समजावणार ह्यांना!

हे हसले नुसते. "चहा टाकू का?" म्हणाले. टाका म्हटलं.

९ ऑगस्ट, राखी पौर्णिमा

आंबवड्याहून मानसिंगदादा राखीला आला. ओवाळून होतंय न होतंय तोच सुरू — "पिस्तूलच घे, बाई. तेरा गोळ्या बसतात!"

तेरा गोळ्या कुणाला घालू? अख्ख्या प्लॉटिंगला?

शेजारचे कुंडलिककाका ओट्यावर बसून ऐकत होते. पलटणीत बावीस वर्षं काढलेला माणूस. ते म्हणाले, "आपल्याला काय लढाई करायची न्हाई. निगालं पायजे, चाललं पायजे, बास. रिव्हॉल्वर घे. दाबलं का चकरी फिरती, फिरली का वाजतं. सहा घरं, सहा गोळ्या. त्यात अडकायसारखं काय नसतंय."

दादा फुगला. करंजी पण खाल्ली नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

पुण्याला दुकानात गेलो. परवाना माझा, बोलणं सगळं दादाशी! मी म्हणजे दादाबरोबर आलेली पिशवी. शेवटी माझ्याकडं वळून दुकानदार म्हणाला, "मॅडमसाठी हे छोटं बघा. पर्समध्ये बसतं. फिनिशिंग किती छान आहे."

फिनिशिंग! मी काय लिपस्टिक घ्यायला आले होते?

मी सरळ म्हटलं, ते छोटं आत ठेवा. माझे हात भात लावणारे आहेत. त्या छोट्याच्या मुठीवर करंगळी नुसती लोंबत राहत होती. दुसरं जड होतं, पण मूठ भरून बसलं. रिकामंच दहा-बारा वेळा दाबून पाहिलं. दर वेळी चकरी फिरली, दर वेळी तस्साच आवाज. हेच, म्हटलं.

आणि पर्समध्ये नाही. पर्स ओढली की त्याबरोबर तेही गेलं! कमरेला, कुडत्याच्या आत. दुकानदार म्हणाला, "अनुभव आहे वाटतं." आहे की — तीन वर्षं सरपंच आहे.

२४ ऑगस्ट, रविवार

काकांनी रेंजवर नेलं. पहिल्या सहातल्या चार मातीत. नंतर बऱ्या लागल्या. खांदा भरून आलाय.

काकांचा नियम — घरी आलं की गोळ्या काढून कपाटात, कुलूप. चकरी उघडी ठेवायची. बाहेर पडताना आधी रिकामी चकरी सहा वेळा दाबून फिरवायची, मगच भरायची. रोज. मी म्हटलं, काका, एवढं चांगलं हत्यार, त्यावर विश्वास नको का?

"हत्यारावर इस्वास ठेवायचा नसतो, पोरी. त्ये रोज बगायचं असतं."

११ सप्टेंबर, गुरुवार

म्हादूनं आज पाठ दाखवली. वरच्या पाड्याचा धनगर. जेसीबीनं झऱ्यात मुरूम ओतला तेव्हा हा समोर म्हशी घेऊन उभा होता. डोळ्यांनी पाहणारा हा एकटाच! त्याच्याच म्हशींच्या पाण्यासाठी मी भांडतेय, आणि हा म्हणतो, "सरपंचबाई, मला गुरं राखायचीत. भोरला कचेरीत न्हाई येनार म्या. त्ये लोक लई वंगाळ हाईत."

मग मी काय स्वतःच्या विहिरीसाठी मरतेय? असा संताप आला! १४ ऑक्टोबरला प्रांतांपुढं सुनावणी आहे. साक्षीदार नाही तर काय दाखवू? बुजलेल्या झऱ्याचा फोटो? मुरमाचा ढीग दिसतो त्यात. झरा दिसत नाही.

१७ सप्टेंबर

पुन्हा फोन. नुसता श्वास. हात आपोआप कमरेला गेला. आवडलं नाही मला ते — आणि बरंही वाटलं.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

आत्यांनी (सासूबाईंनी) सकाळीच पाट मांडला. विळा, कोयता, कुऱ्हाड, ह्यांचा पाना, शिवणयंत्राची कात्री. "तुझं बी आण." रिकामंच होतं. चकरी उघडी ठेवून पाटावर ठेवलं आणि पंचायतीत गेले.

परत येऊन पाहते तर काय! हळद, कुंकू, झेंडू, वरून मूठभर अक्षता, आणि पंचामृताचे शिंतोडे!

"आत्या, अहो, रिव्हॉल्वर आहे ते!"

"मंग? हत्यार न्हाई का त्ये? सरपंचाचं हत्यार. पयलं कुंकू त्यालाच लावलं म्या."

हसूच आलं. जुन्या लुगड्याच्या फडक्यानं वरवर पुसून ठेवलं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

दार लावून लिहायला बसलेय.

सकाळी वेल्ह्याला मीटिंग. उशीर झालेला. गोळ्या भरल्या, चकरी बंद केली. जरा घट्ट बसली. सहा वेळा फिरवून पाहायचं — नाही पाहिलं. खरं सांगायचं तर नवमीपासून एकदाही नाही.

खिंडीत धुकं. दहा पावलांवरचं दिसेना. आणि एकदम डाव्या अंगानं माणूस! डोक्यावरून घोंगडी, हातात कोयता, काहीतरी ओरडत सरळ अंगावर धावत आला. स्कूटी आडवी पडली. काढलं, दोन्ही हातांनी धरलं, दाबलं.

चकरी फिरलीच नाही! पुन्हा दाबलं, सगळा जोर लावून. दगड!

पुढचं आज लिहवत नाही. जिवंत आहे, एवढंच.

८ ऑक्टोबर, बुधवार

रात्रभर दुकानदाराला शिव्या घातल्या. दादाला फोन केला तर — "मी सांगितलं होतं, पिस्तूल घे!" उंटावरचा शहाणा.

ह्यांना आणि काकांना एवढंच सांगितलं की खिंडीत घाबरले, काढलं आणि चाललं नाही. काकांनी ओट्यावर बसून उघडलं. चष्मा लावला, दाभण मागितलं. चकरीच्या मागं, गोळ्या बाहेर ढकलणारी चांदणी असते, तिच्याखाली खुपसलं. एक तांदळाचा दाणा निघाला. कुंकू आणि वाळलेलं पंचामृत, त्यात चिकटून बसलेला. काकांनी तळहातावर घेऊन मला दाखवला.

"सहा येळा फिरवली हुतीस?"

मी मान खाली घातली. आणि मग तो सगळा राग घेऊन स्वयंपाकघरात गेले. आत्या भाकरी थापत होत्या. नको नको ते बोलले. "तुमच्या कुंकवानं मेले असते मी! हत्यार म्हणजे देव वाटला का तुम्हाला?" तव्यावरची भाकरी करपली, तरी त्यांनी उलटली नाही.

९ ऑक्टोबर

आत्या कालपासून जेवल्या नाहीत. हे माझ्याशी बोलत नाहीत. असू दे! मी बरोबरच बोलले. बरोबरच.

१२ ऑक्टोबर

रिव्हॉल्वर कपाटात. कुलूप. चार दिवस उघडलेलं नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

भोर. सुनावणी झाली. म्हादूनं साक्ष दिली. हात जोडून, घाबरत, पण सगळं सांगितलं — जेसीबी, मुरूम, दिवस, वेळ. शेठच्या वकिलानं विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून आलास? म्हणाला, "कुनाच्या न्हाई. सरपंचबाईंवर इस्वास हाय माजा."

आता लिहूनच टाकते. खिंडीतला माणूस म्हादू होता.

वैरण कापता कापता स्कूटीचा आवाज ऐकला. मी धुक्यात निघून जाईन म्हणून ओरडत धावला. मी दाबत होते, आणि तो माझ्या हाताकडं बघून हसत म्हणाला, "ब्याटरी का वं ती? लागंना वाटतं." मग कोयता खाली टाकून त्यानं माझी स्कूटी उचलली. घोंगडीतून डबा काढला. "म्हस व्यालीया, खरवस हाय. आन् साक्ष देतो म्या, त्येच सांगाया थांबलो हुतो."

घरी आले ती सरळ आत्यांच्या पायावर डोकं ठेवलं. त्या दचकल्या. "अगं, काय झालं? हारलीस का?"

काय सांगू? दोनदा दाबलं होतं मी.