सांगाड्यांची फौज आणि उत्कर्षची जागा

१० मार्च, सोमवार

...आणि एवढं समजावून सांगितलं तरी निकिता म्हणते, गेममधला समनर हा आळशी माणसाचा क्लास आहे. धाकट्या बहिणींना गेमिंगमधलं काही कळत नाही, हे इथं लिहून ठेवतो. समनर स्वतः तलवार चालवत नाही, मान्य. तो मेलेल्यांना जमिनीतून उठवतो, ते सांगाडे त्याच्यासाठी लढतात आणि तो मागं उभा राहून प्लॅनिंग करतो. ह्याला लीडरशिप म्हणतात.

प्लॅन एकदम क्लियर आहे. चैत्री पौर्णिमेला आपल्या येडेश्वरीची यात्रा. यात्रेला येरमाळ्याचा माणूस कुठंही असला तरी घरी येतो. म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त उत्कर्ष चाकणहून येणार. म्हणजे आम्ही दोघं माझ्या खोलीत बसून बेलकीपरला मारणार.

बेलकीपर हा शेवटचा बॉस. तो घंटा वाजवतो आणि जमिनीतून उठवलेलं सगळं परत मरून पडतं. त्याच्यासमोर समनर एकटा झीरो. पण उत्कर्षचा कॅरॅक्टर ढालवाला आहे. घंटा वाजताना त्यानं ढाल धरली की तिच्यामागं माझे सांगाडे वाचतात. दिवाळीत आम्ही हरलो ते माझ्या बिल्डमुळं, म्हणजे कॅरॅक्टरच्या ताकदींची मांडणी चुकल्यामुळं. दुसऱ्या दिवशी तो कंपनीत जॉइन व्हायला गेला. जाताना म्हणाला होता, रण्या, बिल्ड नीट कर, मी आलो की मारू.

निकितानं विचारलं, त्याला विचारलंस का? विचारायचं काय त्यात. ठरलेलंच आहे.

१२ मार्च, दुपार

सांगाड्यांना नावं द्यायची सोय आहे गेममध्ये. आमच्या दहावीच्या बॅचची दिली. पुढं गुरुलिंग, तो हैदराबादला असतो. त्याच्यामागं कृष्णराज, पुण्यात. राजेश्वरी धनुष्यवाली, ती आता बंगळूरला. नावं नुसती टेस्टिंगसाठी दिलीत, बाकी काही नाही.

आईनं चहा आणला तेव्हा स्क्रीन बघितला. म्हणाली, अरे मेल्या, चांगल्या जित्या लेकरांची नावं हाडकांना? आधी बदल ती. बदलतो म्हणालो. नावं लपवायचं बटण असतं, ते दाबलं.

मग तात्या येऊन बसले. आजोबांना आम्ही तात्याच म्हणतो. दुपारी शेतातून आले की ते माझ्या खोलीत कूलरपुढं बसतात. बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, एवढी माणसं कामाला लावलीस, अन् तू काय करायलास? म्हणालो, तात्या, मी त्यांना चालवतो. म्हणाले, म्हंजी मुकादम. म्हणालो, कमांडर. तर म्हणे, आमच्या ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम बी असाच झाडाखाली बसायचा. पर टोळी त्याला शिव्या तरी द्यायची. तुझी लई गरीब हायती, बोलत बी न्हायती.

मी हेडफोन घातला.

१५ मार्च

धुळवडीचा रंग कानातून निघत नाही. रंग खेळायला गल्लीत बारकी पोरंच होती. आमच्या वयाचा मी एकटा. मला वाटतं मी सीनियर म्हणून शोभून दिसलो.

उत्कर्षला फौजेचा स्क्रीनशॉट पाठवला. सोबत मोठा मेसेज लिहिला: नवीन बिल्ड, सांगाड्यांचा हेल्थ डबल, यात्रेपर्यंत रेडी. चार तासांनी रिप्लाय आला. अंगठा. नुसता अंगठा. पण उत्कर्ष असाच आहे, एक्साइट झाला की शब्द सुचत नाहीत त्याला.

२० मार्च

बेलकीपरपुढं एकटा गेलो. हरायलाच गेलो होतो, रिसर्च म्हणून. पहिली घंटा झाली आणि सगळे एकदम खाली. गुरुलिंग, कृष्णराज, राजेश्वरी, सगळे. मग त्या मोकळ्या हॉलमध्ये मी आणि तो. माझ्या कॅरॅक्टरच्या हातात काठी आहे, ती त्याला मारून बघितली. त्याचा हेल्थ हलला नाही. तेवढ्यात लाईट गेली. म्हणून हरलो, नाहीतर सांगता येत नाही.

फोरमवर लोक म्हणतात समनरनं स्वतःचेच सांगाडे फोडायचे, स्फोटाचा डॅमेज लई असतो. एकदा करून बघितलं. गुरुलिंग फुटला. मग ती स्किल काढून टाकली. स्ट्रॅटेजिक कारणं आहेत, इथं लिहीत बसत नाही.

२५ मार्च

आज एक अनोळखी प्लेयर माझ्या पार्टीत, म्हणजे गेममधल्या टीममध्ये, आला. कुठल्या तरी लांबच्या देशातला. ढालवाला. आणि ढाल काय धरायचा! आम्ही एकही शब्द न बोलता बेलकीपरच्या दारापर्यंत गेलो. त्याचं टायमिंग परफेक्ट, माझे सगळे सांगाडे उभे. आत गेलो असतो तर आजच मेला असता बेलकीपर, शंभर टक्के.

दारात मी त्याला पार्टीतून काढून टाकलं.

त्यानं बाहेरून इंग्लिशमध्ये विचारलं, काही चुकलं का माझं? मी टाइप केलं, सॉरी ब्रो, जागा रिझर्व्ह आहे. तो म्हणाला, कुणाची? तो तर दिसत नाही. म्हणालो, यात्रेला येतोय. यात्रा म्हणजे काय, हे त्याला सांगेपर्यंत तो निघून गेला.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. संकल्प: एक, उद्यापासून अभ्यास. सेकंड इयरची परीक्षा एप्रिलच्या शेवटी आहे. दुसरा संकल्प लिहायची गरज नाही, तो चालूच आहे.

आई देवळात उत्कर्षच्या आईला भेटली, कमलकाकूंना. काकू म्हणाल्या, सुट्टी मिळायलीय का न्हाय कुणास ठाऊक, आला तर दोन दिवस यील. हे ऐकून आईनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, दोन दिवस खूप झाले. बेलकीपरला एक दुपार लागते.

तात्यांनी विचारलं, त्यो खेळाया येणार हाय म्हणून त्यानं सांगितलंय का तुला? म्हणालो, तात्या, आमच्यात सांगावं लागत नाही. बरं, म्हणाले. मग उगाच कूलरमध्ये पाणी आहे का बघायला उठले. मीच सकाळी भरलं होतं.

६ एप्रिल

खोली आवरली. पप्पांच्या खताच्या दुकानातला कॉम्प्युटर उत्कर्षसाठी दोन दिवस मागितला. पप्पा म्हणाले, अन् गिऱ्हाइकाला बिल काय पाटीवर लिहून देऊ? शेवटी निकिताचा लॅपटॉप ठरला. बदल्यात तिला महिनाभर बसस्टँडपर्यंत गाडीवर सोडायचं. महागात पडलं, पण उत्कर्षला कम्फर्टेबल वाटलं पाहिजे. त्याला खुर्चीला पाठ लागते, म्हणून चांगली खुर्ची त्याच्या बाजूला ठेवली. मी स्टुलावर बसीन.

बिल्ड पूर्ण झालं. असा समनर जिल्ह्यात दुसरा नसेल. अख्ख्या धाराशिवमध्ये ही गेम किती जण खेळतात माहिती नाही, पण तरी.

अभ्यास यात्रेनंतर.

११ एप्रिल, संध्याकाळ

उत्कर्ष आला. मला त्याच्या स्टेटसवरून कळलं, हायवेच्या फाट्यावरचा फोटो होता. फोन केला नाही त्यानं. थकला असेल. नाईट शिफ्ट करून डायरेक्ट एसटीत बसला असणार. मी पण केला नाही, उगाच झोपमोड नको.

लॅपटॉप चार्ज करून ठेवला.

१२ एप्रिल, पौर्णिमा

डोंगरावर मरणाची गर्दी. दर्शनाच्या रांगेत तो लांब दिसला, आईबरोबर होता. हात केला. त्यानंही केला. बारीक झालाय. रांग पुढं सरकली.

दुपारभर घरीच थांबलो, तो आला आणि आपण नसलो असं नको. पाहुण्यांना चहा देत होतो. सहा वाजता निकितानं लॅपटॉप परत मागितला. उद्यापर्यंत ठेव म्हणालो. ती चार्जर पण ठेवून गेली, एरवी ती एवढ्यावर सोडत नाही.

१३ एप्रिल, रविवार

आज पालखी खाली आली आणि सगळं गाव चुन्याच्या रानात. दरवर्षीचंच. पालखीबरोबर जायचं, रानातले पांढरे चुनखडे वेचायचे आणि ढिगावर टाकायचे. त्याचाच चुना देवळाला लागतो. लाखांनी माणसं वाकलेली, आई राजा उदो उदो चाललेलं, धुळीत काही दिसत नव्हतं. मी खडे वेचत होतो आणि शेजारच्या माणसानं आपल्या मुठीतले दोन माझ्या हातात टाकले. बघतो तर उत्कर्ष.

म्हणाला, रण्या, अजून निवडतच बसतोस व्हय? पांढरा दिसला की उचलायचा. आम्ही हसलो. एकदम भारी वाटलं. मी लगेच म्हणालो, दुपारी ये, सगळं रेडी आहे.

तो म्हणाला, काय रेडी?

म्हणालो, बेलकीपर.

त्याला आठवायला वेळ लागला. मी त्याच्या तोंडाकडंच बघत होतो, मला दिसलं ते. मग म्हणाला, अजून खेळायलास व्हय ते? वाईट अर्थानं नाही म्हणाला. कुणाची तब्येत विचारावी तसं.

मग सांगितलं त्यानं. कॉम्प्युटर डिसेंबरातच विकला. खोलीवर सहा जण राहतात, ठेवायला जागा नाही. शिफ्टवरून आलं की अंग टाकायचं, बास. म्हणाला, खरं सांगू का, मला तर आता बटणंबी आठवत न्हाईत बघ. मी म्हणालो, मी शिकवतो, एक तास लागेल. तो म्हणाला, आज मामाकडं जायचंय, उद्या सकाळच्या गाडीनं परत. मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाला, माझा आयडी वापर की तू. पासवर्ड तुला माहितीच हाय. माझा गडी तुलाच घे.

कमलकाकूंनी हाक मारली. तो गेला.

मी राहिलेले खडे ढिगावर टाकून आलो.

एक लिहायचं राहिलं. तो नाही म्हणाला नाही. यायला जमत नाही म्हणाला. फरक आहे.

१४ एप्रिल, सकाळ

दूध आणायला स्टँडकडून गेलो. डेअरी दुसऱ्या बाजूला आहे, पण तिकडं आज गर्दी होती. पुण्याची गाडी निघतच होती. तो खिडकीत होता, डोकं काचेला टेकून झोपलेला. गाडी अजून फाट्यालाही लागली नव्हती आणि हा झोपला पण. हात केला नाही, झोपमोड झाली असती.

१७ एप्रिल, दुपार

निकितानं आपणहून लॅपटॉप आणून दिला. उत्कर्षच्या आयडीनं लॉगिन केलं. त्याचा ढालवाला दिवाळीत जिथं सोडला होता तिथंच, विहिरीपाशी, उभा. अंगावर तेच जुनं चिलखत. मी माझा समनर तिथं नेला. इतक्या महिन्यांनी पार्टीत दोन नावं दिसली.

आता प्रॉब्लेम असा की दोन कीबोर्ड आणि माणूस एक. दाराशी मी त्याला हळूहळू नेलं, एकदा इकडं, एकदा तिकडं. पण आत ढाल धरायची आणि फौज चालवायची, एकाला शक्यच नाही. तात्या कूलरपुढं बसलेच होते. म्हणालो, तात्या, इथं येता का जरा? हे बटण, मी सांगितलं की दाबायचं आणि सोडायचं नाही.

तात्या त्या चांगल्या खुर्चीत बसले. चष्मा लावला. बोट बटणावर ठेवलं, पेरताना बी सोडायच्या चाड्यावर मूठ धरतात तसं, सगळा हात ताठ. मला म्हणाले, ह्यो कोण? म्हणालो, उत्कर्ष. म्हणाले, मग हितं त्यो हाय का म्या हाय? म्हणालो, तात्या, घंटा वाजायलीय, दाबा!

दाबलं. सोडलंच नाही. घंटा थांबली तरी सोडेनात, दुसरी वाजेपर्यंत तसंच धरून. माझा एकही सांगाडा पडला नाही. गुरुलिंग पुढं, कृष्णराज त्याच्यामागं, राजेश्वरीचे बाण सुरू. मला फार काही करावंच लागलं नाही. बेलकीपर पडला.

स्क्रीनवर मोठ्या अक्षरात आलं, विजयी: रणधीर, उत्कर्ष.

तात्या म्हणाले, झालं? म्हणालो, झालं. म्हणाले, लई दिवस लागले रं ह्याला. मग बोट चोळत बसले. मी ओरडणार होतो, जिंकल्यावर आम्ही नेहमी ओरडायचो. पण ते एकट्यानं करायचं नसतं. तात्यांनी मला पाणी आणून दिलं. का ते माहीत नाही. घाम आला असेल मला, डोळ्यांत गेला होता.

स्क्रीनशॉट उत्कर्षला पाठवला. त्याचा ब्रेक असावा, लगेच बघितला. विचारलं, भारी! माझ्या आयडीवरून कोण खेळलं रे?

मी लिहिलं, तूच.

निळ्या टिक्स दिसल्या. वरती टायपिंग आलं, गेलं, परत आलं. मग काहीच नाही. शिफ्ट सुरू झाली असेल.

हे कुणी वाचत नाही, तरी विचारतो. दोन्ही नावं स्क्रीनवर होती. दोघं शेवटपर्यंत उभे होते. मग मी त्याला खोटं सांगितलं, असं वाटतं का तुम्हाला?