मुठीएवढं टोपडं

आई,

गोळी घेऊन आत्ता कुठे तुमचा डोळा लागलाय, म्हणून उठवलं नाही. वन्सं सकाळीच बाळंत झाल्या, दिवस भरायच्या कितीतरी आधी. मुलगी आहे. काचेच्या पेटीत ठेवलीय. जावईबापूंना फोनवर धड बोलताही येईना. मिळालं त्या विमानाने मी निघतेय. हे ऑफिसातून निघालेत, ते येईपर्यंत जिना उतरू नका.

बाळंतपणाला जायचं म्हणून तुम्ही आधीच माझ्या पिशवीत भरून ठेवलेली कात्री आणि स्टीलच्या सुया मी काढून टेबलावर ठेवल्यात. विमानतळावर त्या काढून घेतल्या असत्या, तर तुम्ही मला जन्मभर ऐकवलं असतं. बांबूच्या सुया नेतेय. तपासणीवाल्याने त्याही अडवल्या तर बोटांवर विणीन, पण एवढ्या प्रवासात हात रिकामे ठेवणार नाही. रिकाम्या हातांनी बसलं की मनात भलतंसलतं येतं.

त्यांच्या हातून फोन घेऊन नर्स म्हणाली, डोकं जेमतेम मुठीएवढं आहे, तिथलं एकही टोपडं बसत नाही. तुम्ही विणलेलं पिवळं टोपडं उसवून लहान करावं, असं आधी वाटलं. दोन ओळी उसवल्याही. मग हातच पुढे जाईना. त्या ओळी पुन्हा विणून टाकल्यात. तुमच्यासारख्या सुबक नाहीत, आल्यावर बोलणी खाईन. लहान टोपडं उरलेल्या लोकरीतून विमानात विणते.

तुमचं आहे तेवढंच राहू द्यायचं, आई. पोरीला ते पुढे लागणार आहे.

— तुमची सून